पिसांवरून तलंग की कोंबडा: खात्रीने कधी सांगता येतं?

प्रश्न थोडक्यात असा. पेडण्याच्या बाजूला एका घरी खुडूक कोंबडीखाली निघालेली ९ गावठी पिल्लं आहेत आणि त्यांच्या जोडीला आणलेली ग्रामप्रिया जातीची १०. सगळी सहा आठवड्यांची. एका व्हिडिओत सांगितलंय की पंख उघडून बघायचे, लांब पिसं म्हणजे मादी, आखूड म्हणजे नर. तसं बघितलं तर १९च्या १९ माद्या ठरतात. शेजारच्या आजी म्हणतात, निम्मे तरी कोंबडे आहेत. मिरगाआधी जादा कोंबडे विकायचे आहेत, एक राखणीसाठी, म्हणजे राखणदाराला द्यायला, बाजूला ठेवायचाय, आणि चुकून एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, विकली जाऊ नये ही काळजी.

आजींच्या बाजूने मी आहे. ग्रामप्रिया नर-मादी न निवडता दिलेली असतील तर १९पैकी १९ माद्या निघण्याची शक्यता पाच लाखांत एक अशी काहीतरी येते. पण तुमचा व्हिडिओही खोटा नाही. तो वेगळ्या पिल्लांबद्दल आणि वेगळ्या वयाबद्दल बोलतोय, एवढंच.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. तुम्हाला प्रत्येक पिल्लाचं लिंग आज कळायची गरज नाही. कोणतं पिल्लू बिनधास्त विकता येईल आणि केव्हा, हे कळायला हवंय. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, कारण कोंबडा लवकर उघडा पडतो आणि तलंग उशिरा. सहाव्या आठवड्यात "हा कोंबडाच" असं काही पिल्लांबद्दल छातीठोक सांगता येतं. "ही तलंगच" असं सांगायला मी तरी बाराव्या आठवड्याआधी तयार होत नाही. मधल्या काळात जी पिल्लं तलंगांसारखी दिसतात त्यांच्यात उशिरा वाढणारे एक-दोन कोंबडे लपलेले असतातच. डिचोली बाजूला आमच्याकडून तलंगा नेणारी माणसं अंड्यांसाठी नेतात. तीन महिन्यांनी ती तलंग आरवायला लागली तर गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून मी थांबते.

आता व्हिडिओतल्या पंखांबद्दल. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडीकडून ठरतं, कोंबड्याकडून नाही. कोंबडी आपलं झेड फक्त पोरांना देते. पोरींना झेड मिळतं ते बापाचं. पिसं उशिरा फुटण्याचा जो गुण आहे तो या झेडवर बसलेला आहे आणि तो जोरकस आहे, एकच प्रत असली तरी दिसतो. आता आई उशिरा पिसं येणारी आणि बाप लवकर पिसं येणारा असा जोड लावला की काय होईल? आईचा उशिराचा गुण सगळ्या पोरांकडे जाईल, पोरींकडे एकीकडेही जाणार नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवशी पंख उघडला की दोन ओळी दिसतात, खालची लांब उडण्याची पिसं आणि त्यांच्या मुळाशी वरून झाकणारी पिसं. पोरींची खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असते. पोरांच्या दोन्ही ओळी सारख्या असतात, नाहीतर वरचीच थोडी पुढे आलेली असते. हॅचरीत सरावलेला माणूस एका नजरेत हे ओळखतो.

पण हे चालतं ते त्या एकाच जोडीत. आई-बाप दोघेही लवकर पिसं येणारे असतील तर सगळीच पिल्लं लांब पिसांची निघतील. बापच उशिराचा असेल तर त्याचा गुण पोरापोरींना दोघांनाही जातो. मग एकाच घाण्यात लांबही दिसतील, आखूडही दिसतील, पण त्याचा नर-मादीशी काही संबंध नसेल. हे ओळखण्याजोगी पिल्लं वाढवून त्यांच्यातच पुढची पिढी घरी काढली तरी नियम मोडतो, कारण गुणांची सरमिसळ होऊन जाते. गावठी कोंबड्यांच्या बाबतीत आई कोणती हे आपल्याला ठाऊक असतं, बाप वाड्यावरचा कुणाचाही असतो. शिवाय खुडूक कोंबडीखाली सगळी अंडी एकाच तासाला फुटत नाहीत. आदल्या रात्री निघालेल्या पिल्लाची पिसं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालेल्यापेक्षा लांब दिसणारच.

आणि वय. पंखांची ही खूण पहिल्या एक-दोन दिवसांची. त्यानंतर उशिराचीही पिसं वाढून फरक पुसट होतो. तुमची पिल्लं सहा आठवड्यांची आहेत, त्या वयात प्रत्येकाचे पंख लांबच असणार. म्हणून १९ माद्या.

रंगावरून पहिल्या दिवशी ओळखण्याचे प्रकारही याच झेडच्या हिशेबावर चालतात. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या घ्या. तिथे बाप तांबड्या वाणाचा आणि आई रुपेरी वाणाची ठेवतात; तांबूस पिल्लू मादी, पिवळट पांढरं पिल्लू नर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आईवर तांबडा कोंबडा लावला तर सगळी पिल्लं काळी निघतात, पण पोरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, पोरींच्या नसतो. अंड्यांच्या धंद्यात नराला किंमत नाही, म्हणून असे निवडून बाजूला काढलेले नर स्वस्तात जातात. जत्रेत गुलाबी-हिरवा रंग चढवून विकायला ठेवलेली पिल्लं बहुतेक वेळा तीच. मुलांच्या हट्टासाठी घेतलीत तर त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नका.

सहाव्या आठवड्यात काय बघायचं ते आता सांगते. पिसांबद्दल विचारलंय, पण या वयात पहिला मान तुऱ्याला. एकाच घाण्यातली पिल्लं शेजारी-शेजारी ठेवून बघा. ज्यांचा तुरा उभा, जाडसर आणि गुलाबीवरून लालीकडे झुकलेला आहे, चोचीखालच्या लोंबत्या कातडीचाही लाल कोंब दिसतोय आणि पाय इतरांपेक्षा जाड आहेत, ते कोंबडे. ज्यांचा तुरा अजून बारीक, पिवळट आहे ती पिल्लं "माहीत नाही" या ढिगात. तलंगांच्या ढिगात नव्हे. गावठी आणि ग्रामप्रिया एकमेकांशी मात्र ताडून बघू नका. ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या अंड्यांसाठी तयार केलेली. तिची वाढ, तुरा, सगळं गावठीच्या पुढे असतं. ग्रामप्रियाची तलंग गावठी कोंबड्यापेक्षा लाल दिसली तरी नवल नाही. ९ गावठींची रांग वेगळी, १० ग्रामप्रियांची वेगळी.

आता पिसं. तुमच्या गावठींत कुणी रानकोंबडीच्या रंगाची, म्हणजे तपकिरी, अंगावर बारीक रेघा असलेली असतील तर छातीकडे बघा. या रंगात पोरींची छाती फिकट विटकरी राहते आणि पोरांच्या छातीत काळी पिसं येऊ लागतात. पाचव्या ते आठव्या आठवड्यात हा फरक दिसायला लागतो, आणि माझ्या मते गावठीत सगळ्यांत कमी दाद दिली जाणारी पण सगळ्यांत भरवशाची लवकरची खूण हीच आहे. खांद्यावर गडद तांबडा, चकचकीत डाग उमटायला लागला तर तोही कोंबडा. काळ्या, पांढऱ्या किंवा सरमिसळ रंगाच्या पिल्लांत छातीचा उपयोग नाही, तिथे तुऱ्यावरच थांबा.

(जाता जाता. आपल्या म्हादई-मोलेच्या जंगलात जो रानकोंबडा आरवतो तो राखाडी, आणि कोंबडीचा मुख्य पूर्वज मानला जातो तो लाल रानकोंबडा वेगळा. पण पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण या राखाडीकडून आलेला आहे, असं जनुकांच्या अभ्यासातून २००८ साली पुढे आलं. पिवळ्या पायांची गावठी बघितली की मला ते आठवतं.)

पाठ उघडी असणं, शेपटी आखूड असणं, यावरून बरेच जण नर ठरवतात. त्यात तथ्य आहे. जड जातींत पोरांच्या पाठीवर आणि खांद्यांवर पिसं उशिरा भरतात, पोरी त्या वयात नीटनेटक्या दिसतात. पण आपल्या हवेत पाठ उघडी पडायला दुसरी कारणंही भरपूर असतात. खुराड्यात गर्दी झाली की पिल्लं एकमेकांची पिसं टोचून काढतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर वाढवलं तर प्रथिनं कमी पडतात आणि पिसं नीट येत नाहीत. भुसा ओला राहिला की अंग कायम दमट. ही कारणं नसतील तरच पाठीवरून अंदाज बांधा, आणि तोही तुऱ्याला जोड म्हणून.

सहाव्या-सातव्या आठवड्यात मानेची पिसं टोकदार दिसली म्हणून कोंबडा ठरवणारेही भेटतात. घाई करू नका. पिल्लाच्या अंगावरची पहिली पिसं दोघांचीही थोडी निमुळतीच असतात. ती गळून पुढची येतात, त्यांच्यात खरा फरक पडतो.

ती खरी खूण कुठे बघायची? पाठीच्या शेवटी, शेपटीच्या मुळाच्या पुढे, कमरेवरून दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं. साधारण दहाव्या आठवड्यापासून तिथे बघायला सुरुवात करा. कोंबड्याच्या कमरेवर बारीक, लांब, टोकदार आणि तेल लावल्यागत चकाकणारी पिसं येतात. तलंगेची तिथली पिसं रुंद आणि टोकाला गोल असतात, अंगावरच्या इतर पिसांसारखीच. पिल्लू मांडीवर घेऊन कमरेवरची पिसं बोटाने उलटी फिरवा. नवीन पीस जुन्याच्या खालून येतं, त्यामुळे वरून दिसण्याच्या आठवडाभर आधी ते बोटाला सापडतं. एक जरी लांबट, टोकदार, चकचकीत पीस कमरेवर मिळालं तर निकाल लागला. बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत मानेवरची पिसंही तशीच होतात आणि मग शेपटीतली लांब कमानदार पिसं बाहेर पडतात. चौदाव्या आठवड्यालाही कमर गोल पिसांची असेल तर ती तलंग, असं मी लिहून देते.

एवढं थांबावं का लागतं, हे समजलं की थांबणं सोपं जातं. आपल्याला वाटतं की कोंबड्याचा पिसारा नर संप्रेरकामुळे येतो. प्रत्यक्षात उलट आहे. चकचकीत, टोकदार पिसं हा कोंबडीच्या जातीचा मूळ पिसारा. मादीच्या अंडाशयातून येणारं स्त्री संप्रेरक तो दाबून गोल, साधी पिसं आणतं. म्हणून खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, पण पिसारा कोंबड्याचाच राहतो. म्हणूनच एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय निकामी झालं की पुढच्या पिसं गळतीनंतर तिला कोंबड्यासारखी पिसं येतात, क्वचित ती आरवतेसुद्धा. कोंबडीत बहुधा डावं एकच अंडाशय कामाचं असतं, ते गेलं की भरपाई करायला दुसरं नाही. घरात असं झालं की लोक अपशकुन म्हणून घाबरतात. कारण एवढं साधं असतं. तर पिल्लांत हे संप्रेरक कामाला लागून नवीन पिसं फुटेपर्यंत पिसांच्या आकाराला नर-मादी सांगता येत नाही. तुरा मात्र नर संप्रेरकाच्या हुकमाने चालतो आणि ते आधी जागं होतं, म्हणून सहाव्या आठवड्यात तुरा बोलतो आणि पिसांचा आकार गप्प असतो.

काही जातींत हे सगळं थोडं बदलून वाचावं लागतं. तुमच्याकडे नाहीत, पण पुढे घ्याल. कडकनाथाचा तुरा काळपट जांभळा असतो, त्यामुळे लाली शोधू नका. आकार आणि कमरेची पिसं बघा. असील रक्ताच्या पिल्लांचा तुरा मुळातच ठेंगणा, शेंगदाण्याएवढा. तिथे तुऱ्यावरून नर सुटून जातात. मानेवर पिसं नसलेल्या गावठीत मानेची खूण उरतच नाही, कमर मात्र चालते. उलट्या, कुरळ्या पिसांच्या कोंबडीत पिसाचं टोक बघणं कठीण. एक पीस बोटांनी सरळ करून बघावं लागतं.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. आज सगळ्यांना रांगेप्रमाणे बघा आणि जे उघड कोंबडे आहेत त्यांच्या पायात लाल दोरा बांधा. दोरा सैल हवा आणि दर आठवड्याला तपासायला हवा, पाय झपाट्याने जाड होतात आणि दोरा रुततो. बाकीच्यांना काही बांधू नका. पुढची तपासणी आठव्या आठवड्याला, मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर-टू-बी लस टोचायला प्रत्येक पिल्लू हातात घ्यालच तेव्हा. एकेक पिल्लू दोनदा पकडून घाबरवण्यापेक्षा एकाच वेळी तुरा, छाती, कमर बघून घ्या. बघायचं दिवसाच्या उजेडात, ऊन अंगावर तिरकं पडत असताना. रात्री बॅटरीच्या प्रकाशात पिल्लं शांत असतात खरी, पण प्रत्येकाचा तुरा फिका वाटतो आणि पिसांची चकाकी कळत नाही. पावसात भिजलेल्या पिल्लाचं तर बघूच नका.

मिरगापर्यंत तुमची पिल्लं बारा-चौदा आठवड्यांच्या आसपास पोचत असतील, तर वेळ जमून आली. तोपर्यंत लाल दोऱ्याचे कोंबडे विकायला मोकळे, आणि मिरगाच्या सुमाराला गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक असतंच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेणार असाल तर सगळे एकदम नेऊ नका. राखणीचा कोंबडा निवडायचा तो लाल दोऱ्यांतलाच निवडा. वाढीला ठेवायचा कोंबडा मात्र सगळ्यांत आधी लाल झालेला असेलच असं नाही. तुमच्याकडे एकाच कोंबडीचे पोर आणि पोरी आहेत, त्यांचाच पुढे जोड लावण्यापेक्षा पैदाशीचा कोंबडा दुसऱ्या वाड्यावरून बदलून घ्या. ग्रामप्रियाच्या कोंबड्यावर गावठी तलंगा लावल्यात तर पिल्लं चांगली वाढतील, पण पुढच्या पिढीच्या कोंबड्या खुडूक बसायला टाळाटाळ करतील, हे आधी ठरवून घ्या. ग्रामप्रिया स्वतः खुडूक बसायला फारशी उत्सुक नसते.

एखादं पिल्लू दहाव्या आठवड्यातच आरवलं तर काम झालं. पण न आरवणं हा तलंग असल्याचा पुरावा नाही. खुराड्यात एक दांडगा कोंबडा असला की बाकीचे कितीतरी दिवस तोंड उघडत नाहीत. छाती काढून एकमेकांवर धावणं तर पोरीही करतात.

टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, दोऱ्याला सुई बांधून पिल्लावर फिरवणं, पाय धरून उलटं टांगणं, हे सगळं सोडून द्या. उलटं टांगल्याने पिल्लाला त्रास होतो, बाकी काही होत नाही. हॅचरीत गुदद्वार उघडून बघण्याची जपानी पद्धत आहे आणि ती खरीच चालते, पण शिकायला फार सराव लागतो. नवख्या हाताने एक दिवसाचं पिल्लू दाबलं तर आतडं दुखावतं. घरी करून बघू नका.

नर-मादी वेगळे झाले की तलंगांना लगेच अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य सुरू करायची लोकांना घाई होते. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढीच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. अंडी सुरू होण्याआधी एवढं कॅल्शियम मूत्रपिंडांवर जातं. गावठी तलंग सहा-सात महिन्यांनी अंडं घालते, तोपर्यंत वाढीचंच खाद्य आणि परसातलं चरणं ठेवा.

शंका राहिलेल्या पिल्लांचे फोटो पाठवाल तर तोंडाचे नकोत. एक फोटो बाजूने, तुरा आणि छाती दोन्ही येतील असा. दुसरा वरून, पाठीपासून शेपटीपर्यंत, पिसं कोरडी असताना. आणि प्रत्येक फोटोबरोबर वय आणि ते गावठी की ग्रामप्रिया हे लिहा. त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.